मुंशीजींचा मफलर

मी बोलताना फुगवून सांगतो, यावर आमच्या घरात सर्वांचं एकमत आहे. लखनौच्या चारबाग स्टेशनात गाडी वीस मिनिटं उशिरा आली, तर माझ्या तोंडून ती दोन तास उशिरा येते. विकास नगरच्या बाजारात कुत्रा नुसता भुंकला, तरी मी घरी पोचेपर्यंत तो मला चावता चावता राहिलेला असतो. प्रतिमा, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना चहाबरोबरच सांगून ठेवते, "ह्यांच्या आकड्याला दोनाने भागा, मग बरोबर येतं." अशा माणसाला अतिशयोक्ती जमत नाही म्हणून रोज बोलणी खावी लागावीत, ही गंमत माझ्या नशिबी पंच्याण्णवच्या हिवाळ्यात आली.

बोलणी ऐकवणारे गोपीनाथबाबू. आलमबागेत एका टायरच्या दुकानावर त्यांचा कार्टूनपटांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि तीन टेबलं. प्रत्येक टेबलात मधोमध काच आणि काचेखाली ट्यूबलाइट, म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं आरपार दिसावीत. शिवाय लाकडी घोडीवर खाली तोंड करून बांधलेला एक जुना कॅमेरा. त्याआधी मी अकरा वर्षं रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात पुलांचे नकाशे काढत होतो. चाळिशीच्या तोंडावर ती पक्की नोकरी सोडून मी हलत्या चित्रांच्या नादी लागलो आणि वर सगळ्यांना सांगत सुटलो, की स्टुडिओने मला गाडी पाठवून बोलावून घेतलं. खरं म्हणजे मी तीन वेळा अर्ज केला होता.

त्या वर्षी आमच्या हातात आठ मिनिटांचा सिनेमा होता. मुलींनी शाळेत जावं म्हणून एका सरकारी मोहिमेसाठी तो करायचा होता. गोष्ट साधी. मुन्नीला नदीपलीकडच्या शाळेत जायचं असतं, आणि तिचे वडील मुंशीजी तिला कधीच नाही म्हणत नाहीत. प्रत्येक वेळी ते हसून "हाँ हाँ बिटिया, देखेंगे" म्हणतात आणि दुसरीकडे वळतात. हे मुंशीजी पूर्णपणे माझ्या वाट्याला आले होते.

माझे मुंशीजी कागदावर पुलाच्या खांबासारखे उभे राहिले. मोजमाप अचूक, पण हलायचं नाव नाही. गोपीनाथबाबूंनी कागद चाळले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"पलसुले साहब, आपकी बातें रबड़ की हैं और ड्रॉइंग लोहे की," ते म्हणाले. "ज़रा अदला-बदली कर लीजिए."

मी पळसुले. पण लखनौत आल्यापासून माझ्या नावातला 'ळ' कुणी ऐकलेला नाही.

मग त्यांनी मला बसवून शिकवलं. मुंशीजी खूश झाले तर नुसते ओठ वर जाऊन भागत नाही, गाल डोळ्यांपर्यंत चढले पाहिजेत. दचकले तर टोपी डोक्यापासून वीतभर उडाली पाहिजे. जेवढं खरं असेल त्याच्या दीडपट काढायचं, तेव्हा कुठे बघणाऱ्याला ते खरं वाटतं. दुसरी गोष्ट अंगावरच्या सैल सामानाची. माणूस थांबतो, पण त्याच्या अंगावरचं सैल सामान लगेच थांबत नाही. मान वळली की शेंडी मागाहून वळते. बाई थांबली की पदर पुढे जाऊन परत येतो. हे नसलं तर चित्र लाकडी वाटतं. "मुँह जो चाहे कह दे," गोपीनाथबाबू म्हणाले, "पीछे जो लटक रहा है, वो वही बताएगा जो बदन ने किया है." हे वाक्य मी घरी आणून स्वतःचं म्हणून दोनदा ऐकवलं.

त्याच दिवसांत अनन्याचा फॉर्म आला. अनन्या माझी मुलगी, सतरा वर्षांची, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, एनसीसीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिच्या कॉलेजातून गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी दोनच मुली निवडल्या होत्या. मार्चमध्ये अठ्ठावीस दिवस पहाडात, बर्फात. फॉर्मवर डॉक्टरचा शिक्का होता, प्राचार्यांचा गोल शिक्का होता, फक्त शेवटची ओळ रिकामी होती. तिथे पालकाची सही हवी होती, कारण तिला अठरा पुरी नव्हती. मुदत अकरा फेब्रुवारी, शनिवार. संक्रांतीला सकाळी तिने तो माझ्या हातात ठेवला तेव्हा माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता. म्हणून मी नुसताच हात हलवला.

मी पुढारलेला बाप आहे, हे मी लखनौतल्या यच्चयावत मराठी घरांत जाऊन सांगितलेलं होतं. त्यामुळे मला नाही म्हणता येईना. आणि दोराला लोंबकळणारी अनन्या डोळ्यांपुढे आली की हो म्हणता येईना. मी घाबरलो होतो. पण तेही मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही बख्शी का तालाबला शिवाजीदादांकडे गेलो. हे प्रतिमाचे थोरले भाऊ, हवाई दलात वॉरंट ऑफिसर. निवड झालेली दुसरी मुलगी म्हणजे त्यांची रुचा. ती डोळे सुजवून आतल्या खोलीत बसली होती, कारण दादांनी आदल्याच दिवशी तिला सरळ सांगितलं होतं, "नाही म्हणजे नाही. मला पटत नाही." जेवताना त्यांनी तेच पुन्हा छाती पुढे काढून मला ऐकवलं. मिशी थरथरली, पोट टेबलाला लागलं. परतताना बसमध्ये मी प्रतिमाला म्हणालो, "काय माणूस आहे. कुठल्या काळात राहतात दादा." ती खिडकीबाहेर बघत होती. "आणि आपला फॉर्म?" तिने विचारलं. मी म्हणालो, "बघतो ना."

त्या जेवणाने माझं एक काम मात्र झालं. मला मुंशीजी सापडले. मिशी दादांची, पोट दादांचं, छातीही दादांचीच घेतली. मुलीची वाट अडवणारा बाप म्हणून साक्षात मेहुणाच मिळाल्यावर माझी पेन्सिल सुटली. सूड उगवायला मिळाला की लोखंडसुद्धा वाकतं, असं मी गोपीनाथबाबूंना सांगितलं. ते म्हणाले, वाकतंय तोवर काढून घ्या.

आता चेहरा दादांचा घेतला तरी हालचाल कुठून आणायची? या धंद्यात टेबलावर आरसा ठेवतात. हावभाव स्वतः करून बघायचे आणि काढायचे. मी माझा दाढीचा आरसा भिंतीला टेकवून ठेवला, डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून काचेखालचा दिवा बंद केला आणि दिवसभर "हाँ हाँ बिटिया, देखेंगे" करत बसलो. दोनशे वेळा केलं असेल. दोनाने भागलं तरी शंभर होतात. खोलीत थंडी मरणाची, म्हणून गळ्यात प्रतिमाने विणलेला तपकिरी मफलर. तो घसरला की मी टोक उचलून खांद्यावर टाकायचो. सैल सामान आयतंच मिळालं. मुंशीजींनाही मफलर दिला. "देखेंगे" म्हणून ते वळतात, टोक खांद्यावर टाकतात, तोंड मिटतं, मान स्थिर होते, आणि मफलर पुढची अकरा चित्रं एकटाच झुलत राहतो. गोपीनाथबाबूंनी पहिल्यांदाच काही न बोलता माझी पाठ थोपटली. शिवाजीदादांनी उभ्या आयुष्यात मफलर घातलेला नाही, हवाई दलातल्या माणसाला तो बायकी वाटतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

फॉर्म मी स्टुडिओत नेला होता. शांतपणे वाचून सही करू, असं स्वतःला सांगून. आमच्याकडे कोऱ्या कागदांचे गठ्ठे आणून त्यांना खालच्या कडेला तीन भोकं आम्हीच पाडायचो. टेबलावर तीन खुंट्या असत, त्यांत भोकं अडकवली की प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावर बरोबर बसतं. मी फॉर्म कोऱ्या गठ्ठ्यावर पालथा ठेवला, कुणीतरी चहा आणला, आणि चहा पिऊन मी गठ्ठा उचलून भोकं पाडायच्या यंत्रात घातला. फॉर्मची मागची बाजू कोरी होती. त्यापुढे काय झालं ते मला तीन आठवडे कळलं नाही.

"बाबा, फॉर्म?" अनन्याने सव्वीस जानेवारीला विचारलं.

"अगं हो, होऊन जाईल."

फेब्रुवारीत तिने पुन्हा विचारलं, "साइन हो गया?"

"केव्हाच," मी म्हणालो. "बॅगेत आहे. शनिवारी मी स्वतः मॅडमना नेऊन देतो."

त्या रात्री बॅग उलटी केली. फॉर्म नव्हता. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतले खण उपसले, तिथेही नव्हता. मनाच्या एका कोपऱ्यात मला हायसं वाटलं, हे मी आज कबूल करतो. हरवला म्हटलं की कुणाला नाही म्हणावं लागत नाही. प्रतिमाला संशय आला असावा. ती म्हणाली, "अहो, नसेल पाठवायचं तर तसं सांगा पोरीला. ती सॅक बांधून बसली आहे." मी म्हणालो, "पाठवायचंय गं, देखेंगे ना," आणि मफलर सावरत सब्जी आणायला गेलो.

गुरुवारी, नऊ तारखेला, मुंशीजींच्या प्रसंगाची चाचणी होती. रंग भरण्याआधी नुसत्या पेन्सिलच्या चित्रांचं चित्रण करतात, हालचाल कशी दिसते ते बघायला. कागदांना खालून दिवा दाखवून एकेक चित्र टिपायचं. फिल्म दिल्लीहून धुऊन यायची आणि आम्ही ती निगेटिव्हच भिंतीवर लावायचो. काळ्या भिंतीवर पांढऱ्या रेघा नाचायच्या. मी प्रतिमाला आणि अनन्याला बोलावलं, आणि खास आग्रह करून शिवाजीदादांनाही. त्यांनी स्वतःला ओळखावं, अवघडावं आणि मी मोठ्या मनाने "छे छे, योगायोग" म्हणावं, असा माझा बेत होता.

दिवा मालवला, यंत्र खरखरलं, मुंशीजी हलले. गाल डोळ्यांपर्यंत चढले. देखेंगे. मान वळली, टोक खांद्यावर गेलं, मफलर झुलत राहिला. सगळे हसले. मी अंधारात दादांकडे बघत होतो. ते मांडीवर थाप मारून हसत होते.

"गजेंद्रराव, कमाल केलीत," ते म्हणाले. "मिशी माझी लावलीत, पण माणूस तुम्हीच की हो. हुबेहूब."

"मी?"

"मग कोण? तो मफलर कुणाचा?"

प्रतिमा शालीत तोंड लपवून हसत होती. "अहो, मान वळवणंसुद्धा तुमचंच," ती म्हणाली. "भाजीला जाताना अस्संच करता." मी गोपीनाथबाबूंकडे आशेने बघितलं. ते म्हणाले, "हम तो पहले दिन से समझे बैठे थे कि आप खुद को बना रहे हैं. बड़ी हिम्मत का काम है."

अनन्या हसली नव्हती. ती म्हणाली, "अंकल, एक बार फिर चलाइए. बीच में कुछ चमका था."

गोपीनाथबाबूंनी फिल्म मागे घेतली. पुन्हा देखेंगे, आणि मान वळताना खरंच क्षणभर भिंत उजळली. चित्र अर्धं डझन नव्हे, एकच. एक चित्र सेकंदाचा बारावा भाग दिसतं. तिसऱ्या वेळी त्यांनी यंत्र हाताने फिरवत नेमकं तिथे आणून थांबवलं. मुंशीजींचा चेहरा, हवेत मफलर, आणि चेहऱ्याच्या आरपार एक गोल शिक्का, उलटी अक्षरं, टिंबाटिंबांच्या ओळी. दिव्याने फिल्म जळेल म्हणून त्यांनी लगेच यंत्र बंद केलं आणि खोलीतला दिवा लावला.

अनन्या उठून माझ्या टेबलाशी गेली. तिथे चित्रांचा गठ्ठा नंबरवार होता. तिने तो चाळला, सदतीस नंबरचा कागद ओढून काढला आणि उलटा केला. डॉक्टरचा शिक्का, प्राचार्यांचा शिक्का, खाली तीन भोकं, आणि शेवटची ओळ रिकामी.

"बाबा," ती म्हणाली, "आपने कहा था साइन हो गया है."

खाली दुकानात कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. शिवाजीदादा जमिनीकडे बघत हळूच म्हणाले, "मी निदान नाही म्हटलं होतं." टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच ते जास्त लागलं.

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझा हात मफलरच्या टोकाकडे गेला. मी तो बघितला. सगळ्यांनीच बघितला. मी हात खाली घेतला. मला इतकी लाज वाटली की नेहमीचं काहीसुद्धा सुचेना. कागद हरवला होता, कुणीतरी गठ्ठ्यात घातला असेल, काम फार होतं, सगळं माझ्याकडे तयार असायचं, त्यातलं एकही बाहेर येईना.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. "तू पडशील म्हणून. म्हणून नाही केली सही."

"तो यही बोल देते," अनन्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मैं समझा देती ना आपको. रस्सी कैसे बाँधते हैं, सब सीखा है मैंने."

"आता समजाव."

तिने खरंच समजावलं. माझा मफलर मागून घेतला, टेबलाच्या पायाला गाठ मारली आणि मला ओढायला लावलं. टेबल सरकलं, गाठ नाही. दादा खुर्ची पुढे ओढून बघत होते. मग मी पेन मागितलं, कारण माझ्या टेबलावर नुसत्या पेन्सिली होत्या, आणि सही केली.

नवा फॉर्म करायला दोन दिवसांत ना डॉक्टर मिळणार होता ना प्राचार्य. शुक्रवारी सकाळी मी तोच कागद घेऊन कॉलेजात गेलो. एनसीसीच्या मनीषा मॅडमनी तो पुढून तपासला, भोकांवरून बोट फिरवलं आणि मग उलटा केला. मिशीवाले मुंशीजी मान वळवून त्यांच्याकडे हसत होते. मॅडमनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"ये आप हैं?"

सदतीस नंबर कुणाचा, याची माझ्याकडे चांगली लांबलचक गोष्ट होती. तिच्यात एक मेहुणा होता, एक आरसा होता आणि बरीच थंडी होती.

"जी," मी म्हणालो.

त्यांनी फॉर्म फाइलला लावला. भोकं होतीच, त्यातली दोन कामी आली.

सदतीस नंबर मला पुन्हा काढावा लागला. पाच वेळा काढला. गोपीनाथबाबूंनी पाचही बघितले आणि म्हणाले, पहिला जास्त चांगला होता, तेव्हा तुम्हाला वाटत होतं की तो दुसऱ्याचा आहे. शेवटी त्यातल्या त्यात बरा लावला. सिनेमात मुंशीजी वळताना आजही किंचित अडखळतात, पण ते माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलमबागच्या बसअड्ड्यावर आम्ही सगळे अनन्याला पोचवायला गेलो. शिवाजीदादाही आले होते, रुचाला घेऊन. रुचाने अनन्याच्या सॅकचे पट्टे आवळून दिले. दादा तिच्याशी बोलायला बघत होते आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. वर थंडी असते म्हणून मी माझा मफलर काढून अनन्याच्या गळ्यात घातला. ती बसमध्ये खिडकीशी बसली. मी खालून खिडकीची कड धरून उभा राहिलो.

"पोचल्यावर फोन कर," मी म्हणालो. "रोज कर. जिथे फोन असेल तिथून कर. करशील ना?"

बस सुरू झाली. अनन्या माझ्याकडे बघून हसली. "हाँ हाँ बाबा," ती म्हणाली, "देखेंगे." तिने मान वळवली आणि मफलरचं टोक खांद्यावर टाकलं.

बस वळेपर्यंत ते टोक खिडकीत हलताना दिसत होतं. मी मुंशीजींचं सगळं दीडपट केलं होतं. तिने फक्त होतं तेवढंच केलं.